कधीच न भरणारी डिस्क

एका जंगलात एक संगणक होता.

हसू नका. तुमच्या शाळेतही आहे की! तिथे तो कुलपात असतो आणि जंगलात तो वडाच्या ढोलीत होता, एवढाच काय तो फरक.

आता कुणीतरी विचारणार, जंगलात वीज कुठून आली? तुमच्याकडे येते तशीच यायची. म्हणजे अधूनमधून. आणि मागच्या बाकावरचा तो, ज्याला माउसवरून एक विनोद सुचलाय, त्याने तो मनातच ठेवावा. जंगलात तो प्रत्येकाला सुचून झाला होता आणि तिथल्या उंदरांनी त्यावर हसणं केव्हाच सोडलं होतं. हाताची घडी, तोंडावर बोट. ऐका.

संगणक फार जुना होता. त्याचा सीपीयूचा डबा कधीकाळी पांढरा होता म्हणे, आता तो कढीच्या रंगाचा झाला होता. बटण दाबलं की आधी घरघर व्हायची, मग जरा शांतता, मग पुन्हा घरघर, आणि सगळे उठून जायला लागले की पडद्यावर उजेड यायचा.

मग नवा का नाही घेतला? कारण ढोलीच्या तोंडाशी एक दगडी पाटी होती. ‘या संगणकाचे उद्घाटन थोरल्या महाराजांच्या शुभपंजाने झाले.’ थोरले महाराज म्हणजे आताच्या सिंहमहाराजांचे वडील. पाटी होती तोवर संगणक जुना झाला असं म्हणायची सोय नव्हती. तो फक्त ऐतिहासिक होत चालला होता.

या संगणकात बरंच काही साठवलेलं होतं. पण सगळ्यात पहिली, सगळ्यात जुनी वस्तू होती मथुराबाईचा आवाज.

मथुराबाई म्हणजे जंगलातली थोर हत्तीण. तिला पाण्याची वाट ठाऊक होती.

तसं जंगलात तळं होतं. एरवी सगळे तिथेच पाणी प्यायचे. पण कधीतरी असा उन्हाळा यायचा, की तळं आटून त्याच्या तळाला भेगा पडायच्या. अशा वेळी डोंगरापलीकडच्या कपारीत एक झरा होता, तो कधी आटत नसे. त्याची वाट अवघड. पाहून सापडणारी नव्हे, सांगितली तरच कळणारी.

म्हणून दर होळीला, उन्हाळा लागायच्या आधी, मथुराबाई सगळ्या जंगलाला वडाखाली बसवायची आणि ती वाट गाऊन सांगायची. गाणं लांबलचक. चाल एकच. सशांना झोप यायची, माकडं एकमेकांच्या उवा काढायची, आणि मथुराबाईची लेक शेवंती आईच्या पुढच्या पायाला टेकून खुशाल घोरायची. तरी दरवर्षी कानावर पडायचं, म्हणून थोडंफार प्रत्येकाच्या डोक्यात राहायचं.

संगणक आला तेव्हा थोरल्या महाराजांच्या दरबाराने ठरवलं, की हे गाणं त्यात भरून ठेवायचं. भरलं. आणि मग ठरवलं, की आता होळीला बसायची गरज नाही.

मथुराबाईने तेव्हाच लेकीला सांगितलं होतं, “मशीन चांगलंय गं शेवंते. पण त्याला तहान लागत न्हाई.”

शेवंती तेव्हा लहान होती. होळीला बसावं लागणार नाही याचा तिला आनंद झाला होता. पुढे मथुराबाई गेली, थोरले महाराज गेले, शेवंती मोठी झाली आणि तिला जाई नावाची लेक झाली. जाईने आजीला पाहिलंही नव्हतं. बऱ्याच वर्षांत तळंही आटलं नव्हतं. झऱ्याची कुणाला आठवणही होत नव्हती.

आता गोष्ट सुरू होते. एवढा वेळ काय चाललं होतं असं विचारू नका. मोठ्यांच्या सभेतही अध्यक्षांचं भाषण असंच सुरू होतं.

एके दिवशी संगणकाने पडद्यावर लिहिलं, “जागा संपली.”

ढोलीत धावपळ झाली. सिंहमहाराजांनी सभा बोलावली. सभेत महाराजांचा चिटणीस कोल्हा होता. संगणकाचं सगळं बघणारा हुप्पे नावाचा वानर होता. तो शहराच्या कडेला राहून आला होता, त्यामुळे त्याला संगणकातलं सगळं कळतं असा सगळ्यांचा समज होता आणि हळूहळू त्याचाही झाला होता.

“काहीतरी पुसावं लागेल, महाराज,” हुप्पे म्हणाला.

“मग पुसा.”

“आत काय काय आहे ते वाचून दाखवतो.” हुप्पेने घसा खाकरला. “महाराज हार घालून घेताना. महाराज हार काढून ठेवताना. महाराज जांभई देताना, समोरून. महाराज जांभई देताना, बाजूने.”

सभेत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

“यातलं काही पुसायचं का?” हुप्पेने अगदी बारीक आवाजात विचारलं.

“छे छे!” कोल्हा उठून उभा राहिला. “हा जंगलाचा ठेवा आहे. महाराज, सगळ्यात जुनं काय असेल ते पुसावं. तो कुणा हत्तिणीचा आवाज आहे बघा. ती तर आता नाहीही.”

तेव्हा मागून शेवंती पुढे आली. ती चालत आली की जमीन जरा हलायची, त्यामुळे तिला बोलायची परवानगी मागावी लागत नसे.

“कुणा हत्तिणीचा न्हाई, माझ्या आईचा हाय त्यो,” ती म्हणाली. “आणि माझ्यासाठी म्हणून सांगत न्हाई, चिटणीससाहेब. तळं आटलं तर पाण्याची वाट तेवढ्यातच हाय. मला येत न्हाई. तुमाला येती का?”

सभेत कुणालाच येत नव्हती. रानडुकराने आठवायचा प्रयत्न केला. त्याला फक्त चाल आठवली.

सिंहमहाराज वाईट नव्हते हे मी मुद्दाम सांगतो. वाईट राजाची गोष्ट सोपी असते. महाराजांना शेवंतीचं बोलणं खरोखरच भिडलं. त्यांनी आयाळ झटकली आणि गर्जना केली.

“आमच्या राज्यात काहीही पुसलं जाणार नाही! मथुराबाईंचा आवाज पुसला जाणार नाही आणि आमची जांभईही पुसली जाणार नाही. आम्ही आमच्या खाजगीतून जंगलाला एक नवी डिस्क देतो. एवढी मोठी, की ती कधी भरणारच नाही!”

टाळ्या पडल्या. शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सोंड उचलून महाराजांना नमस्कार केला. तो नमस्कार अगदी मनापासूनचा होता, हे लक्षात ठेवा. मला मात्र तो आठवला की अजून राग येतो.

डिस्क आली. दिसायला जुन्या डिस्कएवढीच होती, पण खोक्यावर आकडा केवढा! तो वाचताना घुबडाला मध्ये श्वास घ्यावा लागला.

बसवायला दसऱ्याचा मुहूर्त काढला. ढोलीला झेंडूचं तोरण लागलं. नव्या डिस्कला हळदकुंकू वाहिलं. हुप्पेने सीपीयूचा डबा उघडला तर आत धुळीची गादी आणि तिच्यावर एक पाल.

“कुणाला विचारून उघडलंत?” पाल म्हणाली.

“नवीन डिस्क बसवायची आहे.”

“माझं काय मग?”

तिच्या प्रश्नाची नोंद घेऊन तिला बाहेर काढण्यात आलं.

डिस्कची केबल डब्यातल्या खोबणीत जाईना. हुप्पेने मध्ये एक जोड बसवला. स्क्रूची भोकं जुळेनात. हुप्पेने डिस्क गुळवेलीने बांधली. “होऊन जातं,” तो म्हणाला. मग सगळं जुनं सामान नव्या डिस्कवर उतरवलं. जुनं ते आधी, म्हणून मथुराबाईचा आवाज सगळ्यात पहिल्या जागेवर बसला. त्याच्यामागे हार, जांभया वगैरे.

“आणि जुनी डिस्क?” शेवंतीने विचारलं. “ती ऱ्हाऊ द्या की माझ्यापाशी. असावी एक जादा.”

कोल्ह्याने कानाला हात लावले. “बाई, काय बोलताय! थोरल्या महाराजांच्या पंजाचा स्पर्श झालेली वस्तू ती. अशी कुणाच्या गोठ्यात पडून राहील? तिचं रीतसर विसर्जन होईल.”

आणि झालं. वाजतगाजत. फुलांनी सजवलेली जुनी डिस्क तळ्याच्या मधोमध नेऊन सोडली. “पुढल्या वर्षी लवकर या” असं काही माकडांनी सवयीने म्हणून टाकलं, मग त्यांना गप्प केलं.

संध्याकाळी महाराजांनी बटण दाबलं. घरघर झाली, शांतता झाली, पुन्हा घरघर झाली. पडद्यावर डिस्कचा आकार उमटला.

तो भलताच लहान होता. खोक्यावरच्या आकड्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता.

“हे काय?” महाराज म्हणाले.

संगणकाने लिहिलं, “मला एवढंच मोजता येतं.”

आता संगणकाचं काही चुकलं होतं का? मुळीच नाही. तो ज्या काळात बनला त्या काळात एवढ्या मोठ्या डिस्क नव्हत्याच. त्याला जिथपर्यंत आकडे शिकवले होते तिथपर्यंतच त्याला येत होते, आणि त्यापुढे येत नाही हे त्याने सरळ सांगितलं. तुमच्यापैकी किती जण गणिताच्या तासाला एवढं करता?

पण महाराजांचा चेहरा पडला होता. “म्हणजे आमची देणगी एवढीशी? सगळ्या जंगलासमोर?”

हुप्पे चाचरत म्हणाला, “डिस्क मोठीच आहे, महाराज. पण संगणक जरा जु...”

कोल्ह्याने त्याच्या शेपटीवर पाय दिला आणि पाटीकडे बोट दाखवलं. हुप्पेने शब्द गिळला.

“संगणक जरा ऐतिहासिक आहे,” तो म्हणाला. “त्याला समजावून सांगावं लागेल. दोन दिवस द्या.”

दोन दिवसांत हुप्पेने काय केलं? तो डिस्क घेऊन शेजारच्या जंगलात गेला. तिथल्या अस्वलाकडे नवाकोरा संगणक होता. डिस्क त्याला जोडली आणि डिस्कच्या आतच, पहिल्या पानावर म्हणा, तिचा आकार लिहून घेतला: ‘मी एवढी मोठी आहे.’ मग तीच डिस्क आणून पुन्हा वडाच्या संगणकाला जोडली.

अस्वल त्याला म्हणालं होतं, “अरे हुप्पे, तुमच्या संगणकाला मोजता येत नसेल तर नुसतं लिहून काय होणार?”

“मोजायचंय कुणाला?” हुप्पे म्हणाला. “दिसल्याशी मतलब.”

बटण दाबलं. घरघर, शांतता, घरघर. बिचाऱ्या संगणकाने डिस्कवर लिहिलेलं वाचलं आणि जसंच्या तसं पडद्यावर दाखवलं. आकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. जंगलाने जल्लोष केला. हुप्पेला शाल मिळाली. झाडावर राहणाऱ्याला शालीचा काय उपयोग, हे कुणी विचारलं नाही. शालीचा उपयोग मिळण्यापुरताच असतो.

त्यानंतर जंगलात एकच वाक्य ऐकू यायला लागलं. “जागा आहे ना!”

महाराज झोपले. भरा, जागा आहे ना. महाराज कूस बदलतायत. भरा. कोल्ह्याने एका पायवाटेचं उद्घाटन केलं, मग त्याच पायवाटेचं दुसऱ्या टोकाकडून केलं. दोन्ही भरा. हरणांची लग्नं अख्खीच्या अख्खी, आंतरपाट धरल्यापासून उष्टी निघेपर्यंत. पोपटांनी रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर ‘शुभ सकाळ’ लिहून भरायचा सपाटा लावला. एका गाढवाने आपलं गाणं भरलं. ऐकायला कुणी नव्हतं, पण जागा होती.

भरलेलं पुन्हा कुणी पाहायचं का? काय विचारता! भरायलाच वेळ पुरत नव्हता.

फाल्गुनात एकदा शेवंती जाईला घेऊन ढोलीशी आली. त्या वर्षी पाऊस कमी पडला होता. तळं लवकर खाली गेलं होतं आणि तिला काळजी वाटत होती.

“आईचा आवाज जरा लावून बघा की,” ती म्हणाली. “होळी आलीय. पोरीलाबी आजी ऐकू दे.”

“स्पीकर मोकळा नाही, बाई,” कोल्हा म्हणाला. “समारंभाला गेलाय.”

“मग निदान हाय का न्हाई एवढं तरी बघा.”

कोल्ह्याने पडद्यावर दाखवलं. तिथे स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘मथुराबाई, पाण्याची वाट.’

“नाव दिसतंय ना?”

“दिसतंय.”

“नाव दिसतंय म्हणजे आहे.”

शेवंती परत गेली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी आवाज तिथे होताही. तो गेला पुढल्या आठवड्यात.

कसा गेला ते सांगतो. घड्याळ पाहिलंय ना भिंतीवरचं? त्याला बारापर्यंतच येतं. बारानंतरचा तास आला तरी ते थांबत नाही, ‘मला पुढचं येत नाही’ असंही म्हणत नाही. ते बिनदिक्कत पुन्हा ‘एक’ म्हणतं. आपल्या संगणकाचं अगदी तसंच झालं. डिस्क पुढे मोठीच्या मोठी रिकामी होती, पण त्याला ठरावीक जागेपर्यंतच मोजता येत होतं. ती जागा भरली. त्याच्या पुढचं सामान आलं. तो बापडा पुन्हा ‘एक’ म्हणाला, आणि पहिल्या जागेवर लिहायला लागला. तिथे आधीपासून कोण बसलंय हे त्याने पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं. ‘मी एवढी मोठी आहे’ असं डिस्कवर लिहिलेलंच होतं की.

आणि पहिल्या जागेवर कोण बसलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. गाण्याच्या सुरुवातीच्या थोड्या ओळी तेवढ्या ‘एक’च्याही आधी, शून्याच्या घरात होत्या, म्हणून वाचल्या.

त्या दिवशी काय भरलं जात होतं? तर सोहळा. महाराजांनी डिस्क देण्याची घोषणा केली त्याचा वर्धापनदिन होता. वडाखाली मांडव पडला होता. महाराजांचं भाषण झालं. ‘पहिल्या आवाजाची कन्या’ म्हणून शेवंतीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल तिच्या एका कानालाच पुरली. महाराज बोलत होते, संगणक घरघरत ते शब्द टिपून घेत होता, आणि मथुराबाईच्या एकेका ओळीवर महाराजांचं एकेक वाक्य बसत होतं. आणि शेवंती मंचावर उभी राहून सोंडेने नारळ सावरत मान डोलावत होती. जाई खाली बसून आईकडे कौतुकाने बघत होती.

मला हे सांगताना बरं वाटत नाही. पण पुढे चला.

वैशाखात तळं आटलं.

आधी कडेचा चिखल वाळला. मग मधला. मग भेगा पडल्या. मासे तर आधीच गेले होते, त्यांना गाऱ्हाणं मांडायलाही वेळ मिळाला नाही. जाईची सोंड सुकून खरखरीत झाली आणि ती दिवसभर एकच विचारायची, “आई, पाणी कधी?”

“आपल्याकडं वाट हाय, बाळा,” शेवंती म्हणायची.

सगळं जंगल वडाखाली जमलं. आता मात्र स्पीकर मोकळा होता. हुप्पेने फाइल उघडली. घरघर झाली. आणि मथुराबाईचा आवाज आला.

शेवंतीचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी आई बोलत होती. जाईने कान पसरले.

“काळ्या फत्तरापाशी थांबा गं, थांबा. तिथनं सूर्य पाठीवर घ्या गं, घ्या. दोन जांभळींच्या मधनं निघा. म्होरं वाटेला तीन फाटे फुटत्यात गं, फुटत्यात. त्यातला धरायचा त्यो...”

“बंधू आणि भगिनींनो!” सिंहमहाराजांचा आवाज घुमला. “ही डिस्क आम्ही दिली, तेव्हाच आम्ही म्हणालो होतो, की आमच्या राज्यात आता काहीही हरवणार नाही!”

आणि टाळ्या पडल्या. स्पीकरमधल्या तर पडल्याच, पण वडाखालीही पडल्या. घशाला कोरड होती, तरी महाराजांचा आवाज आला की पंजे आपोआप जुळायचे.

मग टाळ्या हळूहळू थांबल्या.

“पुढे न्या,” शेवंती म्हणाली. हुप्पेने फाइल पुढे नेली. भाषण. आणखी पुढे. भाषण. शेवटी नारळ पडल्याचा आवाज, आणि “पहिल्या आवाजाची कन्या” म्हणून शेवंतीचंच नाव.

शेवंती वळली. ती तळ्याकडे गेली. भेगाळलेल्या तळाच्या मधोमध काहीतरी चमकत होतं. तिने सोंडेने उकरलं. जुनी डिस्क होती, झेंडूची एक वाळकी माळ अजून तिला चिकटलेली. शेवंतीने ती उचलून कानाशी हलवली. आतून माती गळली.

हुप्पे तिच्या मागोमाग आला होता. त्याने डिस्ककडे पाहिलं आणि मान खाली घातली. पहिल्यांदाच त्याला “होऊन जातं” म्हणता आलं नाही.

जंगल निघालं. काळा फत्तर सापडला. सूर्य पाठीवर घेतला. दोन जांभळी सापडल्या. आणि पुढे खरंच तीन फाटे फुटत होते.

“मधला घ्या,” कोल्हा म्हणाला. “मधला रुंद आहे. मिरवणूक बसेल.”

महाराजांनी मधला घेतला. सगळे त्यांच्यामागे गेले. शेवंतीही गेली. तिला तरी दुसरं काय ठाऊक होतं? दिवसभर चालल्यावर मधला फाटा एका उघड्या माळावर संपला. तिथे दगड होते, ऊन होतं, बाकी काही नव्हतं.

परत फिरावं लागलं. जाताना होते तेवढे सगळे परत आले नाहीत. कोण कोण मागे राहिलं ते विचारू नका. ही लहान मुलांची गोष्ट आहे.

पुन्हा तीन फाटे. शेवंती एका खडकापाशी उभी राहिली. जाईला आता चालवत नव्हतं. ती आईच्या पुढच्या पायाला टेकली आणि टेकल्या टेकल्या तिचे डोळे मिटले.

शेवंतीने खाली पाहिलं. आणि मनातल्या मनात आईची चाल म्हणून पाहिली. शब्द येईनात. कुठून येणार? लहानपणी या ओळीला ती नेमकी झोपलेली असायची. अशीच. आईच्या पायाला टेकून.

झोपलेली असायची, आणि दर वेळी याच ओळीला तिची झोप मोडायची.

का मोडायची? कारण आईचा पाय हलायचा. गाता गाता मथुराबाई या जागी आली, की सगळं अंग डाव्या पायावर टाकायची. दर होळीला. शेवंती घसरायची, जागी व्हायची, कुरकुरायची आणि पुन्हा झोपायची.

“डावा,” शेवंती मोठ्याने म्हणाली. “डावा फाटा!”

“कशावरून?” कोल्ह्याने विचारलं. “तशी काही नोंद आहे का?”

शेवंती खडकापासून हलली. तिने जाईला सोंडेने उठवून पुढे घातलं आणि ती डाव्या, अरुंद, काटेरी वाटेने निघाली. ज्यांच्या अंगात चालण्यापुरतं बळ होतं ते मागे निघाले.

झरा होता तिथेच होता. कपारीत, सावलीत, गार.

जाई प्यायली. इतकी प्यायली, की शेवंतीला तिला ओढून बाजूला करावं लागलं. मग शेवंती प्यायली. महाराजही पोहोचले. महाराज नेहमी पोहोचतात. त्यांच्यामागे कोल्हा होता.

पुढे पाऊस आला, तळं भरलं, सगळे परतले. झाल्या प्रकाराची चौकशी झाली. चौकशीत निघालं, की दोष ना महाराजांचा, ना चिटणीसांचा, ना हुप्पेचा, आणि संगणकाचा तर नाहीच, कारण त्याला पाटी होती. दोष डिस्कचा. ती लहान पडली.

तेव्हा महाराजांनी तिच्याहून मोठी डिस्क जाहीर केली. टाळ्या पडल्या. पंजे कमी होते, पण टाळ्या तेवढ्याच मोठ्या होत्या.

कोल्हा शेवंतीकडे आला. “बाई, पाण्याची वाट पुन्हा भरून घेऊ. तुमच्या आवाजात. चार ओळींत बसवा.”

“सांगीन की,” शेवंती म्हणाली. “पर होळीला वडाखाली येऊन बसावं लागंल. सगळ्यांनी. दरसाली.”

“एवढा वेळ कुणाला आहे?” कोल्हा म्हणाला आणि उद्घाटनाला गेला.

त्या होळीला शेवंतीने वडाखाली गाणं म्हटलं. आईच्या ओळी गेल्या होत्या तिथे तिने स्वतः चाललेल्या वाटेच्या ओळी घातल्या. ऐकायला जाई होती, आणि डब्यातून हाकललेली ती पाल. गाणं लांबलचक होतं, चाल एकच होती. जाई आईच्या पायाला टेकून झोपली. तीन फाट्यांची ओळ आली. शेवंतीने सगळं अंग डाव्या पायावर टाकलं. जाई घसरली, जागी झाली आणि चिडून म्हणाली, “आई, मध्येच काय गं!”

शेवंती गात राहिली.

तात्पर्य: मुलांनो, जागा संपली की काय ठेवायचं आणि काय पुसायचं यावर कधीही वाद घालू नये. वादात कुणीतरी मोठा माणूस दुखावतो. त्यापेक्षा सरळ मोठी डिस्क घ्यावी. जे पुसलं जायचं ते आपोआप पुसलं जातं, आणि ते कुणी पुसलं हे कुणालाही सांगावं लागत नाही.